पंचवीस शब्दांचा बिब्बा

मी एकेकाळी टीकाकार होतो, ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नाही. तिच्या मते टीका हे खातं आमच्या घरात तिच्या एकटीच्या नावावर आहे, जॉइंट नाही. आज हे छापून कबूल करतो आहे, त्याला कारण आहे. पंचेचाळिशी ओलांडली की माणूस दोन गोष्टी तपासून घेतो: रक्तातली साखर आणि जुनी पापं. साखर तूर्त काठावर आहे. तेव्हा पापाकडे वळू.

१९९८ साल. मी एस. वाय. बी. कॉम.ला होतो. माझी मार्कलिस्ट हरवली होती (ती हरवण्यात माझा हात नव्हता, हे वडिलांना शेवटपर्यंत पटलं नाही), म्हणून एका सायंदैनिकाच्या कचेरीत 'हरवली आहे'ची जाहिरात द्यायला गेलो. उपसंपादकांच्या टेबलावर कॅसेटींचा ढीग होता आणि ढिगाच्या पलीकडे खुद्द उपसंपादक होते. जाहिरातीचे शब्द मी त्यांच्यादेखत बोटांवर मोजले, दोन शब्द गाळले आणि पैसे वाचवले. ते पाहून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"गाण्यातलं कळतं का रे?"

"नाही."

"छान. म्हणजे वेळेवर लिहशील. कॅसेटमागे पंचवीस शब्द, दहा रुपये. सव्विसावा शब्द छापला जाणार नाही."

अशा रीतीने मी संगीतसमीक्षक झालो. शब्दाला चाळीस पैसे. टोपणनाव घेतलं 'कर्णपिशाच्च'. दर शनिवारी चार कॅसेटी, चार निकाल. महिन्याला एकशे साठ रुपये, आणि कॅसेट घरी न्यायची ती वेगळीच. ज्यांनी कॅसेट पाहिली नाही अशा भाग्यवान पिढीसाठी सांगतो: कॅसेटच्या पाठीवर दोन्ही टोकांना दोन बारीक खाचा असतात. कंपनीच्या कॅसेटमधली तिथली पट्टी मोडलेली असते, म्हणजे तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. पण खाचेवर चिकटपट्टी डकवली की तीच कॅसेट कोरी समजायची. मी 'ए' बाजू ऐकायचो, निकाल लिहायचो आणि 'बी' बाजूवर स्वतःच्या आवाजात कॉस्टिंगच्या नोट्स भरायचो, रात्री ऐकता ऐकता पाठ व्हाव्यात म्हणून. टीकाकाराने कलाकृतीत स्वतःची भर घालावी असं थोर लोक म्हणतात. इतकी शब्दशः भर कुणी घातली नसेल.

त्या दिवसांत कॅसेटींना पूर आला होता. १९९५ साली अलिशा चिनॉयचा 'मेड इन इंडिया' आणि दलेर मेहंदीचा 'बोलो ता रा रा', १९९६ साली लकी अलीचा 'सुनो' आणि हरिहरन-लेस्ली लुईसचा 'कलोनियल कझिन्स'. सिनेमावाचूनही गाणं विकलं जातं, हा शोध सगळ्या देशाला एकदम लागला. मराठी माणसाला तो जुनाच होता; गजानन वाटव्यांच्या काळापासून आमचं भावगीत सिनेमावाचूनच जगत आलं आहे. पण आता त्याला 'आल्बम' म्हणू लागले. तोवर आल्बम म्हणजे लग्नाचा. तो पाहुण्याला चहाच्या आधी दाखवायचा आणि पाहुण्याने 'वा, छान आलेत' म्हणायचं. नवा आल्बमही तसाच निघाला, फरक इतकाच की 'वा, छान' म्हणायला आता माणूस पगारी ठेवला होता. म्हणजे मी.

पंचवीस शब्दांत निकाल लावायचा तर शब्द ठरलेले हवेत. आमचा कोश असा होता. 'आश्वासक' म्हणजे गायक संपादकांच्या नात्यातला आहे. 'प्रयत्न स्तुत्य' म्हणजे प्रयत्नच आहे, गाणं नाही. 'शब्दप्रधान' म्हणजे चाल नाही. 'सूरप्रधान' म्हणजे शब्द नाहीत. 'संगीतसंयोजन आधुनिक' म्हणजे की-बोर्ड एकच आहे आणि तोच ढोलकीही वाजवतो. 'प्रवासात ऐकायला बरी' म्हणजे एस.टी.च्या इंजिनाचा आवाज तिच्यापेक्षा मोठा असतो. 'संग्रही असावी' म्हणजे त्याच पानावर कंपनीची पाव पान जाहिरात आहे. आणि ज्याचं कुणीच नात्यात नाही, जाहिरात नाही, तो गायक आपला. त्याच्यावर विनोद करायचा.

हे आमचं किरकोळ दुकान. या धंद्यातले खरे कारागीर परदेशात, हे मला रद्दीवाल्यामुळे कळलं. त्याच्याकडे इंग्रजी संगीताची जुनी मासिकं किलोवर मिळत, आणि पुढे बँकेत लागल्यावरही ही खोड सुटली नाही.

न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकात रॉबर्ट क्रिस्टगाउ नावाच्या गृहस्थांनी १९६९ साली 'कन्झ्युमर गाइड' सुरू केलं. रॉक म्हणजे क्रांती, असं झाडून सारी तरुण पिढी ओरडत असताना या माणसाने त्याला ग्राहक मार्गदर्शन म्हणावं, हा खवचटपणा सदाशिव पेठेबाहेर मी प्रथमच पाहिला. एका रेकॉर्डला एक लहानसा परिच्छेद आणि शेवटी शाळामास्तरासारखा शेरा: वर ए प्लस, खाली घसरत ई मायनस. १९९० नंतर तर त्यांना अक्षरंही जड झाली. टाकाऊ रेकॉर्डपुढे बाँबगोळ्याचं चित्र. सगळ्यात मिळून एखादंच गाणं बरं असेल तर कात्रीचं.

गायक तरी किती सोसणार? लू रीड नावाच्या गायकाने मैफलीत गाता गाता मध्येच थांबून या क्रिस्टगाउंचा नाव घेऊन उद्धार केला, आणि १९७८ च्या 'टेक नो प्रिझनर्स' या आल्बमात तो तसाच ठेवून दिला. क्रिस्टगाउंनी काय करावं? त्याच रेकॉर्डचं परीक्षण लिहिलं, आपल्या नावाचा उच्चार बरोबर केल्याबद्दल गायकाचे आभार मानले आणि शेरा दिला: सी प्लस. ना एक पैसा कमी, ना एक जास्त. अशा माणसाला कॅशवर बसवावं.

सगळेच इतके चोख नसतात. 'रोलिंग स्टोन'ने १९६९ साली लेड झेपेलिन या बँडच्या पहिल्याच आल्बमला नावं ठेवली. पुढे २००३ साली याच मासिकाने सर्वकाळच्या उत्तम ५०० आल्बमांची यादी केली, तेव्हा तोच आल्बम २९ वा आला. चेक वटायला चौतीस वर्षं लागली. आमच्याकडे तीन महिन्यांत शिळा होतो. आणि सगळ्यात छोटा निकाल? १९८४ च्या 'धिस इज स्पायनल टॅप' या विनोदी चित्रपटात एका काल्पनिक बँडच्या 'शार्क सँडविच' नावाच्या आल्बमवर दोनच शब्दांचं परीक्षण येतं. दुसरा शब्द 'सँडविच' आहे. पहिला या पुस्तकात छापता येत नाही.

मला वाटलं, दोन शब्दांच्या खाली कोण जाणार? पण 'पिचफोर्क' नावाचं इंटरनेटवरचं मासिक गेलं. ते शून्य पूर्णांक शून्यपासून दहापर्यंत मार्क देतं, आणि तेही दशांशात. आठ दशांशाने पास आणि सात दशांशाने नापास, असं मुदत ठेवीच्या व्याजाशिवाय कुठं असतं? २००६ साली त्यांनी जेट या बँडच्या 'शाइन ऑन' आल्बमला ०.० दिलं आणि परीक्षणात एकही शब्द लिहिला नाही. नुसती एका माकडाची चित्रफीत लावली. माकड काय करत होतं हे जेवताना वाचणाऱ्यांसाठी गाळतो. मी आमच्या उपसंपादकांना मनात नमस्कार केला: साहेब, यांनी तर दहाच्या दहा रुपये वाचवले!

हसता हसता एका ठिकाणी मात्र थबकलो. याच मासिकाने २००४ साली ट्रॅव्हिस मॉरिसन नावाच्या गायकाच्या 'ट्रॅव्हिस्टॅन' आल्बमला ०.० दिलं होतं. त्याच्या जुन्या बँडवर हेच मासिक खूष होतं. या एका आकड्यापायी एका दुकानाने ती सीडी ठेवायलाच नकार दिल्याचं तिच्या प्रकाशकाने नंतर सांगितलं. गाणारा एकटा माणूस, आणि समोर शून्य पूर्णांक शून्य. आमच्या बँकेतसुद्धा खात्यावर शून्य असलं तरी खातेदाराला आत येऊ देतात. पुढे २०२४ च्या जानेवारीत 'पिचफोर्क'च्या मालकांनी ते मासिक 'जीक्यू' या पुरुषांच्या फॅशनच्या मासिकाखाली आणलं आणि बऱ्याच जणांना घरी बसवलं. निकाल देणाऱ्यांचा निकाल लागला. तो किती शब्दांत लागला, कुणास ठाऊक.

आपल्याकडे हे शास्त्र नव्हतं असं मुळीच नाही. संगीत नाटकातला 'वन्स मोअर' हा दोन शब्दांचाच निकाल. १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात पुणेकर श्रोता एकाक्षरी निकाल देतो, 'वा!', आणि त्याहून कडक द्यायचा तर न बोलता चहाला उठतो. पण लिहिणाऱ्यांची गोष्ट पाहा. केशवराव भोळे 'एकलव्य' या नावाने आपल्या काळच्या गवयांवर लिहीत. म्हणजे टोपणनाव तेही आणि टोपणनाव मीही. मात्र हा माणूस डॉक्टरीचं शिक्षण सोडून गाण्यात आलेला, स्वतः गाणारा, आणि पुढे प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) आणि 'कुंकू'ला (१९३७) संगीत देणारा. मुंबईत १९३५ साली 'फिल्मइंडिया' काढणारे बाबूराव पटेल घ्या. सिनेमावाले त्यांच्या लेखणीला चळचळा कापत. पण बाबूरावांनी 'द्रौपदी' (१९४४) आणि 'ग्वालन' (१९४६) हे चित्रपट काढले आणि प्रेक्षकांचाही निकाल ऐकून घेतला. दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवणाऱ्याने स्वतःचाही माल कधीतरी चव्हाट्यावर मांडला होता. मी काय मांडला होता? कॉस्टिंगच्या नोट्स. त्याही दुसऱ्याच्या कॅसेटवर.

बी. कॉम. झालो, समीक्षा सुटली आणि बँकेत क्लार्क म्हणून चिकटलो. अलीकडे आम्हाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. पगार तोच. पहिल्याच आठवड्यात हाती चेक रिटर्न मेमो आला आणि मी गहिवरलो. तोच जुना धंदा! छापील कारणांची यादी: शिल्लक अपुरी, सही जुळत नाही, अक्षरी आणि अंकी रकमेत फरक, 'रिफर टू ड्रॉअर'. कारणांना नंबरही असतात. शिल्लक अपुरीचा नंबर ०१. आपण नुसती खूण करायची. पंचवीस शब्दही नकोत.

पण आमच्या पहिल्या साहेबांनी मेमो हातात देताना तीन गोष्टी सांगितल्या. चेक उलटा करून मागची बाजू बघितल्याशिवाय परत करायचा नाही. कारण लिहिल्याशिवाय परत करायचा नाही. आणि खाली आपली सही केल्याशिवाय तर नाहीच नाही. ज्याचा चेक परत जातो तो उद्या काउंटरला येतो, त्याला कुणाशी भांडायचं ते कळलं पाहिजे. तेव्हा मला हा बँकेचा भिडस्तपणा वाटला. आज वाटतं, समीक्षेच्या कुठल्याही जाड पुस्तकात याहून जास्त काय सांगितलं असेल? निकाल लहान असायला कुणाचीच ना नाही. 'शिल्लक अपुरी' हे दोनच शब्द आहेत आणि ते खरे असतात. लहान निकाल खोटा पडतो तो शब्द कमी पडल्याने नाही, ऐकणं कमी पडल्याने.

तेव्हा निदान त्या निकालांना किंमत तरी होती. इंग्रजी कॅसेटला सव्वाशे रुपये मोजावे लागत आणि महिन्याला एकच परवडे, म्हणून पोरं निकाल वाचून मग दुकानात जात. आता गाणं फोनवर जवळजवळ फुकट आहे, निकालही फुकट आहे, आणि अंगठा वर किंवा खाली केला की शब्दांचाही खर्च नाही. माझी मुलगी एक गाणं अकरा सेकंद ऐकून पुढे ढकलते. मी म्हटलं, "अगं, पूर्ण ऐकायचा नियम नाही, पण असायला हरकत नाही." तिने मलाही अकरा सेकंदच ऐकलं.

हे 'नियम नाही. पण असायला हरकत नाही' माझ्या जिभेवर जुनंच बसलेलं आहे. मध्यंतरी आमच्या बिबवेवाडीच्या बाजूच्या शाखेत बदली होऊन आलो, त्या पहिल्याच आठवड्यात एक आजोबा काउंटरला विचारू लागले, "केवायसीचे कागद दर वर्षी द्यायचा नियम आहे का हो?" मी तेच उत्तर दिलं. आजोबा गेले ते थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये. तेव्हापासून शाखेतला शिपाईसुद्धा माझी नक्कल करतो.

बिबवेवाडी म्हणजे स्वारगेटहून सातारा रस्त्याला लागून, मार्केट यार्डाच्या वरच्या अंगाला. नावात वाडी, पण वाडी शोधायची तर आता इमारतींच्या फटींतून शोधावी लागते. पेठेतले नातेवाईक अजून 'इतक्या लांब?' म्हणून विचारतात आणि लग्नाच्या जेवणाला मात्र वेळेआधी पोचतात. 'बिब्बा घालणे' हा वाक्प्रचार आमच्याच वाडीत जन्मला असावा, असा माझा एक संशय आहे. पुरावा मागू नये. बिब्ब्याचा गुण मात्र खरा. परीट कपड्यावर त्याची खूण करत, कारण ती कितीही धुतली तरी जात नाही.

शाखेतले आमचे हेडकॅशियर. सगळे त्यांना काका म्हणतात. नोटा मोजताना गुणगुणायची सवय. मशीन फडफडत असतं आणि काका त्याच्यावर ठेका धरतात. यंदा साठ पुरी करून निवृत्त व्हायचे होते. मानपत्र लिहायचं काम मॅनेजरसाहेबांनी माझ्या गळ्यात घातलं. म्हणून एका रविवारी माहिती गोळा करायला त्यांच्या घरी गेलो. काकूंनी पोहे दिले. बशी ठेवायला वाकलो तर दिवाणाखालून एक खोका अर्धा बाहेर आलेला.

"हे काय, काका?"

"स्टॉक."

"कसला?"

"क्लोजिंग स्टॉक. अठ्ठ्याण्णव सालापासून तोच ओपनिंग आणि तोच क्लोजिंग."

खोक्यात कॅसेटी होत्या. वेष्टणावर चंद्र, पाऊस आणि मिशी काळी असलेले काका. पतपेढीचं चाळीस हजारांचं कर्ज काढून त्यांनी एक हजार प्रती काढल्या होत्या. कविता एका मित्राच्या, चाली आणि आवाज स्वतःचा. सहाशे बारा शिल्लक. हप्ते पाच वर्षं चालले.

माझ्या हातातला चमचा तिथंच थांबला. कारण तो चंद्र मी ओळखला.

काकांनी पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटातून एक कात्रण काढलं. पिवळं पडलं होतं, पण शाई ठणठणीत. "ऐका," म्हणाले, आणि कात्रणाकडे न बघता म्हणून दाखवलं:

"'बँकेत नोकरी करणाऱ्याने गाऊ नये असा नियम नाही, पण असायला हरकत नाही. चाली ऐकलेल्या. आवाज दमलेला. यापेक्षा कोरी कॅसेट घ्यावी. स्वस्तही पडते आणि सुरेलही असते.' बरोबर पंचवीस शब्द आहेत. मी मोजलेत. खाली नाव, कर्णपिशाच्च."

मी पोह्यातला शेंगदाणा फार वेळ चावत राहिलो.

"चाली ऐकलेल्या म्हणतो, ते खरं आहे," काका एखादं व्हाउचर तपासावं तसे सावकाश बोलत होते. "आवाज दमलेला, तेही खरं. दिवसभर कॅश सांभाळून रात्री स्टुडिओत जायचो, रात्रीचा दर कमी असायचा म्हणून. बँकेवरचा विनोद तर मला आवडला होता. शाखेत मीच सगळ्यांना वाचून दाखवला. पण एक हिशेब लागत नाही. बी बाजूचं तिसरं गाणं. त्याबद्दल एक अक्षर नाही. वाईट आहे म्हणाला असता तरी चाललं असतं. त्यानं ते ऐकलंच नसणार. चेकची मागची बाजू न बघताच रिटर्न मारला हो त्यानं."

आतून काकू म्हणाल्या, "त्यानंतर पेटी माळ्यावर गेली ती गेलीच."

काका म्हणाले, "तिला जागा नव्हती म्हणून." काकू काही बोलल्या नाहीत. जागा होती. मी पाहत होतो, खिडकीखाली चांगली पेटीएवढी जागा होती.

निघताना एक कॅसेट मागून घेतली. घरी माझी स्वतःची प्रत होतीच, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत. पण तिच्या बी बाजूवर तिसऱ्या गाण्याच्या जागी मी होतो, अप्रत्यक्ष खर्चाची वाटणी समजावून देत.

आता कॅसेट वाजवायची कशावर? घरात पाच फोन आणि वाजवायला एक यंत्र नाही. शेवटी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या शेजारच्या अप्पांच्या जुन्या मारुतीची आठवण झाली. गाडी कुठं जात नाही. अप्पा दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू करून तिची विचारपूस करतात. तिच्यात कॅसेट प्लेअर शाबूत होता. "गाडी न हलवता काय करणार?" अप्पांनी विचारलं. "गाणं ऐकणार," मी म्हटलं. त्यांनी किल्ली दिली, पण गॅलरीत उभे राहून नजर ठेवली.

फीत पेन्सिलीने घट्ट करून घेतली आणि रात्री साडेनऊला बसलो. आधी ए बाजू पूर्ण ऐकली. मग बी. प्रामाणिकपणे सांगतो: दहापैकी आठ गाणी सामान्य आहेत. एक बरं आहे. माझ्या पंचवीस शब्दांतले वीस तरी खरेच होते, आणि पंचाईत आहे ती हीच. सगळाच निकाल चुकला असता तर मी माफी मागून मोकळा झालो असतो.

बी बाजूचं तिसरं गाणं अंगाई होती. कुणा लहान मुलीसाठी, उशिरा घरी आलेल्या बापाने म्हटलेली. पेटी आणि आवाज, बाकी काही नाही. आवाज दमलेला होता. अंगाई म्हणणारा बाप दमलेला नसेल तर कोण असेल? पुढे काही वर्षांनी संदीप खरे आणि सलील कुलकर्णींच्या 'दमलेल्या बाबाची कहाणी'ने उभ्या महाराष्ट्राचे डोळे ओले केले. त्यांची सर काकांच्या गाण्याला आहे असं मी म्हणणार नाही. कर्णपिशाच्चाने एकदा तोंड पोळून घेतलं आहे. पण दमलेपण हा आवाजाचा दोष नसून गाण्याचा विषय असू शकतो, एवढं कळायला मला नोकरी, लग्न आणि मुलगी इतका अभ्यासक्रम पुरा करावा लागला. चाल ऐकलेली होती, हेही खरं. अंगाईची चाल ऐकलेलीच असावी लागते. अनोळखी चालीने पोर झोपत नाही. हा मात्र नियम आहे.

मी ते गाणं चार वेळा ऐकलं. पाचव्या वेळी अप्पा बॅटरीच्या काळजीने खाली आले. दार उघडून शेजारी बसले, आणि गाणं संपेपर्यंत बॅटरीचं नाव काढलं नाही.

निरोपसमारंभ रिवाजाप्रमाणे झाला. शाल, श्रीफळ, सामोसे. मॅनेजरसाहेबांनी काकांना 'शाखेचा आधारस्तंभ' म्हटलं. असे स्तंभ ते दर तिमाहीला एक निवृत्त करतात. मी मानपत्र वाचलं. त्यात काकांच्या गाण्याचा उल्लेख मुद्दाम नव्हता. सगळे पांगल्यावर कॅशच्या पिंजऱ्यापाशी गेलो आणि घडी केलेला कागद त्यांच्या हातात दिला. त्यावर लिहिलं होतं:

"पहिली बाजू सामान्य. दुसऱ्या बाजूचे तिसरे गाणे मी इतकी वर्षे ऐकले नाही, हा दोष गाण्याचा नव्हे. आवाज दमलेला आहे. अंगाईला तसाच लागतो. कॅसेट संग्रही असावी. क्षमस्व."

खाली माझी सही. पूर्ण नाव, हुद्दा, तारीख.

काकांनी चष्मा बदलला. नोट दिव्यापुढे धरून पाण्याची खूण पाहतात, तसा कागद धरला. मग ओठ हलवत शब्द मोजले. एकदा मोजून त्यांचं कधीच भागत नाही. दुसऱ्यांदा उलटे मोजले.

"काका, मला सांगायचं होतं की तो कर्ण—"

"ठाऊक आहे. तुम्ही आलात त्या पहिल्याच आठवड्यात त्या केवायसीवाल्या आजोबांना म्हणालात ना, नियम नाही, पण असायला हरकत नाही? त्या दिवशी माझं शंभराचं बंडल चुकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा." त्यांनी टेबलावरचं लाल पेन उचललं. "मानपत्राचं काम तुम्हाला द्या, असं साहेबांना मीच सांगितलं होतं. आणि खोका काही आपोआप दिवाणाबाहेर येत नाही."

मी पुढं काय बोलणार? काका कागदावर वाकले होते.

"सव्वीस झालेत," म्हणाले. "एक जास्त आहे."

त्यांनी शेवटचा शब्द लाल शाईने खोडला, बाजूला बरोबरची खूण केली, खाली आपली बारीक सही केली आणि कागद पासबुकाच्या पाकिटात कात्रणाच्या मागे ठेवून दिला.